दोन घरांचं विरजण

ज्वारीचा तिसरा रांजणही आंबला, पण नको तसा, तेव्हा थोरल्याने झाकण परत ठेवलं आणि तो तिथेच उकिडवा बसून राहिला. वास मुद्दाम घ्यावा लागला नाही. तो आपणहून उठून नाकात शिरत होता. दारूच्या आंबवणाला पिकल्या फळासारखा गोड, उबदार वास असतो. हा नुसता शिरक्याचा वास होता. त्याने रांजणाला कान लावला. चांगलं आंबवण बोलत असतं. तळाशी त्याची चुरचुर चालू असते, जणू कोणी कोपऱ्यात बसून शेंगा फोडतंय. हा रांजण मेल्यासारखा गप्प होता.

दारात बायको उभी होती. नव्या खोलीत पाय धुतल्याशिवाय यायचं नाही असा त्याचाच हुकूम होता, म्हणून ती उंबऱ्याबाहेरूनच डोकावत होती.

"हाही गेला?"

"गेला."

"मी धरू का एका बाजूने?"

"नको. तुझी कंबर आधीच धरलीय."

पण एकट्याने तो रांजण हलेना. शेवटी तिनेच पदर खोचला, पाय धुतले आणि कडेला हात घातला. दोघांनी मिळून रांजण कलता केला. पांढरट पाणी आणि फुगलेली ज्वारी मागच्या गटारात भदाभदा गेली. चार कोंबड्या धावत आल्या, चोच घातली आणि मान झटकून निघून गेल्या.

"बघ, कोंबड्यासुद्धा तोंड लावेनात," थोरला म्हणाला.

घर भट्टीचं होतं, त्याच्या आज्याच्याही आधीपासून. ज्वारी उकडायची, मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचं पीठ तिच्यात कालवायचं, कोपर बुडवून ऊब बघायची आणि मग घड्यातलं विरजण ओतायचं. हे विरजण म्हणजे मागच्या आंबवणातलं राखून ठेवलेलं गढूळ, दाट पाणी. त्याच्यावर पुढचं आंबवण लागायचं, पुढच्यातलं पुन्हा राखायचं. ते कोणी कधी नव्याने केलं नव्हतं. नव्याने कसं करायचं हे कोणाला ठाऊकही नव्हतं.

आधी आंबवणाची खोली मातीची होती. धुराने काळ्या झालेल्या तुळया, ओल धरलेल्या भिंती, कोपऱ्यात कोळ्याची जाळी. परवान्याचे साहेब येऊन म्हणाले, भिंतींना टाइल्स हव्यात. थोरल्याने नुसत्या टाइल्स लावल्या नाहीत, सगळी खोलीच पाडली. वर पत्रा, खाली फरशी, चहूकडे पांढऱ्याशुभ्र टाइल्स. एवढं झाल्यावर त्याला रांजण घाणेरडे वाटायला लागले. उकळतं पाणी आणि सोडा घेऊन त्याने ते आतून खरवडले. मग नजर गेली विरजणाच्या घड्याकडे. आत बोटभर जाडीचा राखाडी थर. बापाच्या काळापासूनचा मळ, असं म्हणत त्याने तारेच्या घासणीने तो थर काढला. खांदे भरून आले, पण घडा आतून भांड्यासारखा लखलखला. विरजण त्याने तेवढ्यापुरतं स्टीलच्या नव्या डब्यात काढून ठेवलं होतं. तो डबाही त्याने आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतला होता, आणि नीट विसळला नव्हता.

बायको त्या दिवशी माहेरी गेली होती. आली तेव्हा घडा उन्हात चमकत होता. तिने आत हात फिरवला. नंतर एवढंच म्हणाली, "तुम्हाला एक दिवस रिकामा मिळाला की घात होतो."

बांधकामापायी मागचा हंगाम भट्टी पेटलीच नव्हती. या हंगामाच्या सुरुवातीला परवान्याचे साहेब पुन्हा येऊन टाइल्स बघून खूश झाले आणि जाता जाता म्हणाले, "खोली छान झाली. पण लागोपाठ दुसऱ्या हंगामात भट्टी बंद दिसली तर परवाना रद्द होतो, माहीत आहे ना? आणि एकदा गेलेला परवाना परत मिळत नाही."

माहीत होतं. म्हणून तर प्रत्येक रांजण ओतल्यावर तो कणगीत डोकावून येत होता. पहिला रांजण डब्यातल्या विरजणावर लावला होता. तो लागलाच नाही. दुसरा आणि तिसरा पाकिटातल्या यीस्टवर लावला. ते यीस्ट पहिल्या सकाळी असं उसळलं की झाकण उडालं. थोरला हरखून रस्त्यापर्यंत सांगत गेला. दुपारी पत्रा तापला आणि आंबवण बसलं ते बसलंच. अर्धवट गोड राहिलं आणि मग नासलं. आता कणगीत एका रांजणापुरती ज्वारी उरली होती, आणि हंगाम संपत आला होता.

"पलीकडे विचारून बघायचं का?" रांजण धुता धुता बायको म्हणाली.

पलीकडे म्हणजे भिंतीपलीकडे. तिथे त्याचा धाकटा भाऊ राहत होता. तिथेही भट्टी होती.

"त्याच्या दारात? मी?"

"मी आपलं सुचवलं."

"सुचवू नकोस."

वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, अगदी चुलीचे दगडही वाटले. विरजणाचा घडा मात्र एकच होता आणि थोरल्याने त्यावर हात ठेवला. विरजण थोरल्या घरचं, थोरल्या घरीच राहील. धाकटा म्हणाला, निदान वाटीभर तरी दे. थोरला भर अंगणात, पंचांसमोर म्हणाला होता, "विरजण मागायला माझ्या दारात यायचं नाही." धाकट्याने चप्पल पायात घालता घालता उत्तर दिलं होतं, "नाही येणार. पण एक दिवस तू येशील." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बाजारात समोरासमोर आले तर दोघांनाही एकदम काहीतरी विकत घ्यायचं आठवायचं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला खोलीच्या कोपऱ्यात, पोत्याखाली झाकलेला एक तांब्या सापडला. आत राखाडी, फेसाळ पाणी, वर काळसर साय. त्याचं डोकंच फिरलं.

"माझ्या खोलीत ही घाण कोणी ठेवली?"

"अहो, थांबा, ते..."

"ते काय?"

बायकोचं तोंड उघडं राहिलं. मग तिने ते मिटलं. "काही नाही."

त्याने तांब्या रस्त्यावर उपडा केला, वर बादलीभर पाणी ओतलं आणि कोपऱ्यातली टाइल घासून घासून पुसली. बायको दारात उभी राहून रस्त्यावरच्या ओल्या डागाकडे बघत राहिली. तो सुकेपर्यंत ती तिथून हलली नाही.

अशात डबीवाली बाई आली. ती शहरातल्या प्रयोगशाळेत काम करायची. खोली पाडायच्या आधीच्या हंगामात ती घरोघर फिरून प्रत्येकाचं विरजण इवल्याशा डब्यांत भरून घेऊन गेली होती, तेव्हापासून तिचं हेच नाव पडलं. तिशीतली, बडबडी, गाडीच्या मागे थर्माकोलचा खोका बांधलेला.

"काका, तपासणीचं आलं एकदाचं सगळं हाती!" ती पाय धुऊन आत येत म्हणाली. "आणि हे काय, खोली कुठे गेली?"

"हीच खोली."

तिने टाइल्सकडे पाहिलं, मग चमकणाऱ्या घड्याकडे. तिचा चेहरा उतरला. "विरजण?"

"मेलं," थोरला म्हणाला. आपणच मारलं हे त्याने सांगितलं नाही, पण घड्यानेच सांगितलं असावं.

ती मटकन पाटावर बसली. "अरेरे, काका! तुमचं तर सगळ्यात श्रीमंत होतं."

"श्रीमंत म्हणजे?"

"पाकिटात एकाच जातीचं यीस्ट असतं, सगळी जुळी भावंडं. एकाला जे सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. पत्रा तापला की सगळी एकदम आडवी."

"तसंच झालं," थोरला म्हणाला. "मजूर लावले होते म्हण. सकाळी जोरात आणि दुपारी सगळे झाडाखाली."

ती हसली. "तुमच्या घड्यात कितीतरी जाती होत्या. काही गारव्यात काम करणाऱ्या, काही उन्हाळ्यात. काही नुसती सुरुवात करून देतात आणि मरून जातात, मग दुसऱ्या पुढे ओढतात. काही दारू फारशी करतच नाहीत, पण वास त्यांचाच."

"म्हणजे भरलं घर," बाहेर ओट्यावर पीठ चाळत बसलेली बायको म्हणाली. "एक पहाटे उठणारा, एक उशिरा उठून सगळं आवरणारी, आणि एक नुसता गप्पा मारणारा. पण तो नसला तर घराला घरपण नाही."

"अगदी तसंच, काकू! थांबा, दाखवते." बाईने भट्टीपुढचा कोळसा उचलला आणि थोरला नको नको म्हणेपर्यंत पांढऱ्या टाइलवर एक झाड काढलं. "हे खोड, तुम्हा सगळ्या भट्टीवाल्यांचं मूळ विरजण. यीस्टच्या पेशींत खुणा असतात, त्या पिढ्यांमागून पिढ्या थोड्याथोड्या बदलतात. दोन घरं वेगळी होऊन जितकी वर्षं झाली, तितका दोघांत फरक. ही फांदी कुंभारगल्लीची, ही नदीकाठची. आणि गंमत इथे आहे." तिने एका फांदीच्या टोकाशी दोन ठिपके एकमेकांना चिकटवून काढले. "हे तुम्ही. आणि हे तुमच्या भिंतीपलीकडचं घर. तुम्ही वेगळे होऊन किती वर्षं झाली?"

"मुलगी पाळण्यात होती. आता ती सासरी आहे."

"म्हणजे चांगलाच फरक पडायला हवा होता. पण काहीच नाही! त्याच जाती, जवळपास त्याच प्रमाणात, दोन्ही घरांत जणू एकच घडा. मला वाटलं माझ्या डब्यांची अदलाबदल झाली, म्हणून मी पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. दर हंगामाला इकडचं तिकडे झाल्याशिवाय असं होत नाही. तुम्ही भाऊभाऊ देताघेता ना?"

"आम्ही?" थोरला म्हणाला. "आमच्यात बोलणंसुद्धा नाही."

बाहेर चाळणीचा आवाज थांबला.

बाईने थोरल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हातातला कोळसा हळूच खाली ठेवला. "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही गं पोरी," बायको म्हणाली. "बरोबर बोललीस. फारच बरोबर बोललीस."

थोरला ओट्यावर आला. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते.

"तू दिलंस?"

"दिलं."

"मी पंचांसमोर शब्द दिला होता आणि तू मागच्या दाराने..."

"मागच्या दाराने नाही, भिंतीवरून. धाकटी जाऊ पलीकडे स्टुलावर उभी राहायची, मी इकडे जात्यावर. भाऊजींना आजही वाटतं, त्यांनी स्वतःच नवं विरजण उभं केलं. तुम्ही शब्द दिलात, मी नाही दिला. आणि रोज त्या घड्यात पळी कोण फिरवायचं? तुम्ही का पंच?"

थोरल्याने आवाज चढवला. "माझ्या घरात, माझ्या नाकाखाली!"

"नाकाखालीच तर. परवा तुम्ही तांब्या रस्त्यावर ओतलात ना, ते आपलंच विरजण होतं. धाकटीने चोरून पाठवलेलं. मी सांगणारच होते, पण सांगायचं कसं?"

थोरला ओट्यावर बसला. आज्याचं, बापाचं विरजण आपण आपल्या हाताने एकदा मारलं आणि परत चालून आलं तर रस्त्यावर फेकलं. वर बादलीभर पाणीही ओतलं.

"आणखी तांब्याभर आण," तो म्हणाला. आवाज आता खाली होता.

"कसं आणू? घड्यातलं कमी झालेलं भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांनी घड्याच्या कपाटाला कुलूप घातलंय. किल्ली करदोट्याला."

बाई आतून हळूच म्हणाली, "काका, आमच्याकडे थंडाव्यात थोडं जपून ठेवलंय. अर्ज केला तर मिळेल. पण वरच्यांची सही येईपर्यंत..."

"हंगाम जाईल," थोरला म्हणाला.

तो उठला. त्याने चेहऱ्यावर पाणी मारलं, डोक्याला टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. भावाच्या दारापर्यंत जायला चार उड्या पुरल्या असत्या, पण त्याला गल्लीतला एकेक दगड दिसत होता.

धाकटा वाफ निसटू नये म्हणून भट्टीच्या हंड्याची सांध कणकेने लिंपत बसला होता. सावली पडली म्हणून त्याने वर पाहिलं. हातातला गोळा हातातच राहिला.

"दादा? घर चुकलास?"

"नाही."

"मग कोणी गेलं का?"

"सगळे आहेत." थोरल्याने टोपी काढून हातात घेतली. "विरजण मागायला आलोय."

धाकट्याने कणीक खाली ठेवली, हात पुसले, अगदी सावकाश, बोट न् बोट. मग कानाला हात लावला. "काय म्हणालास? वय झालं, ऐकू कमी येतं."

समोरच्या लोहाराचा घण थांबला होता. मागून डबीवाली बाईही येऊन गल्लीत उभी होती.

"विरजण दे," थोरला मोठ्याने म्हणाला. "माझं मेलं. मीच मारलं. धुऊन मारलं."

"आता आलं ऐकू." धाकट्याच्या मिशा हलल्या. "देतो. भावाला नाही म्हणणारा मी नव्हे. पण आधी एक कबूल कर. हे विरजण माझं आहे. तुझ्या घड्यातला थेंबही न घेता मी माझ्या हिमतीवर उभं केलंय. म्हण तसं."

धाकटी दाराआड उभी होती. तिचे डोळे थोरल्यावर खिळले होते आणि पदराचं टोक दातात होतं. थोरल्याच्या जिभेवर सगळं आलं. एक वाक्य बोललं असतं तर धाकट्याची मिशी तिथल्या तिथे उतरली असती. पण मग त्या दाराआडच्या बाईला आज, उद्या आणि पुढची कितीतरी वर्षं काय ऐकावं लागेल, तेही त्याला दिसलं. शिवाय किल्ली अजून करदोट्यालाच होती.

"कबूल," तो म्हणाला. "तुझ्या हिमतीवर."

धाकटीच्या तोंडातून पदर सुटला.

धाकट्याने कपाट उघडलं. घडा काळा, चिकट, घाणेरडा होता. थोरल्याला तो बघून इतकं बरं वाटलं की त्याने तोंड वळवलं. धाकटा वाटीने काढायला लागला, मग थांबला, आणि वाटी ठेवून त्याने चांगला मोठा हंडा घेतला. "वाटीने काय होणार तुझं. टाइल्सच्या दवाखान्यात ठेवणार ना? जास्तच लागेल."

हंडा जड झाला. दोघांनी दोन कडा धरल्या आणि वाटण्या झाल्यापासून पहिल्यांदा दोघं भाऊ एका पावलाने चालले. "हळू," एक म्हणायचा. "तूच हळू," दुसरा म्हणायचा. एवढंच काय ते बोलणं.

उरलेली ज्वारी उकडली. बायकोने कोपर बुडवून ऊब पाहिली. विरजण ओतलं. थोरल्याने जुनी पोती आणून रांजणाला गुंडाळली, टाइल्सवरही टांगली, आणि ब्लीचिंगचा डबा नेऊन परसात पुरला. मग तो रांजणाशेजारी बसला. बायकोने जेवायला बोलावलं तरी उठला नाही. पत्रा तापला. पाकिटाचं याच वेळेला बसलं होतं. त्याने कान लावला. काही नाही. पुन्हा लावला. उन्हं कलली. मग त्याला वाटलं, बायको बाहेर शेंगा फोडते आहे.

"अगं, जरा थांबव ते."

"मी काहीच करत नाहीये," ती दारातून म्हणाली.

त्याने पुन्हा कान लावला. चुरचुर. आधी एका बाजूने, मग तळातून, मग सगळीकडून. त्याने तोंड पोत्यात खुपसलं आणि तो कितीतरी वेळ तसाच राहिला. खांदे हलत होते. बायको पाय न धुता आत आली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तो ओरडला नाही. नंतर तो चार भाकऱ्या जेवला आणि पाचवी मागितली.

परवान्याचे साहेब आले तेव्हा भट्टी धडधडत होती आणि नळीतून पहिली धार पडत होती. साहेबांनी पोत्यांकडे आणि टाइलवरच्या कोळशाच्या झाडाकडे नापसंतीने पाहिलं, पण जळत्या भट्टीवर बोलायला काही नव्हतं. सही करून ते निघून गेले. थोरल्याने बशीत धार घेतली, जिभेवर फिरवली आणि डोळे मिटले. तीच होती. ज्वारीची, किंचित मधाची, शेवटी घशात राहणारी.

संध्याकाळी दोघं नवराबायको भट्टीपुढे पाय पसरून बसले होते. विस्तव निवत होता.

"धाकट्याला काय कळतंय," थोरला समाधानाने म्हणाला. "माझ्या हिमतीवर म्हणे! आपलंच विरजण आपल्याला देऊन मिशीला पीळ देतोय. देऊ दे. मी नाही बोलणार."

"बोलला नाहीत ते बरं केलंत."

"आपलं विरजण ते आपलं. ज्या वर्षी पूर उतरल्यावर आपण दारू काढली होती, आठवतं? दूरदूरचे लोक येऊन म्हणाले, अशी कधी प्यायलो नाही. तो हात माझा होता."

बायको काठीने निखारा उगाच इकडेतिकडे करत राहिली.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही."

"बोल की. आज तरी मागे काही ठेवू नकोस."

"पुरात आपल्या घड्यात पाणी शिरलं होतं. तुम्ही गुरं सोडवायला गेला होतात. मी घडा रिकामा केला आणि धाकटीने भिंतीवरून भरून दिला." ती थांबली. "त्या वर्षीचं सगळं तिकडचं होतं."

थोरल्याने तिच्या हातातली काठी काढून घेतली. मग त्याच्या पोटातून हसू निघालं, आधी दबकं, मग मोठं, मग त्याला खोकलाच आला. बायकोने पाठीवर थापट्या मारल्या.

"त्याला सांगू नकोस," तो डोळे पुसत म्हणाला.

"मी कशाला सांगू?"

"तिलाही सांग, सांगू नको म्हणून."

"तिला माहीतच आहे. तुम्ही दोघं बोलायला लागलात म्हणून आम्ही कशाला थांबू?"

भिंतीपलीकडे कोणीतरी बादली ठेवली. धाकटा कोणावर तरी खेकसला आणि धाकटी काहीतरी उलट बोलली. थोरल्याने आवाज खाली आणला.

"पुढच्या हंगामाला कोणाची पाळी?"

"ते आमचं आम्ही बघू," बायको म्हणाली आणि उठून घड्यात विरजण राखून ठेवायला गेली. घडा तिने धुतला नाही.